मामाच्या पट्टीतलं जग

आमच्या मामाच्या प्रत्येक विजारीला तीन खिसे असायचे. दोन तुमच्याआमच्यासारखे. तिसरा कंबरेपासून निघून डाव्या मांडीच्या कडेनं थेट गुडघ्याखाली उतरायचा आणि त्यात साठ सेंटिमीटरची पोलादी पट्टी उभी असायची. त्यामुळे मामाचा एक पाय बाजारात चालल्यासारखा आणि दुसरा कवायत केल्यासारखा पडायचा. दोन गल्ल्या पलीकडून पावलांच्या आवाजावरून कळायचं, मामा आला. खुर्चीत बसला की डावा पाय सरळ समोर. घरात येणारा प्रत्येक नवा माणूस एकदा तरी त्या पायाला अडखळायचा, आणि मामी आतून विचारायची, "लागलं का? तुम्हाला नाही हो, पट्टीला."

मामा फाउंड्रीत पॅटर्न करायचा. चौतीस वर्षं केले. हे काम म्हणजे काय ते आधी सांगून टाकायला हवं, कारण मामा ते सगळ्यांनाच सांगायचा; दूधवाल्याला, डॉक्टरला, चुकून लागलेल्या फोनवरच्या माणसालासुद्धा.

"हे बघ. पंप लोखंडाचा. पण लोखंडाला काय माहीत पंप कसा दिसतो? म्हणून मी आधी लाकडाचा पंप करतो. तो वाळूत दाबायचा. उचलायचा. वाळूत राहिली पोकळी. पोकळीत ओतायचा लोखंडाचा रस. गार झाला की पंप. कळलं? नाही कळलं."

समोरच्याला कळलेलं असलं तरी हे "नाही कळलं" यायचंच, कारण पुढचं सगळं प्रवचन त्याच्यावर उभं होतं.

"लोखंड गार होताना आकसतं. शंभराला एक. म्हणून लाकडाचा पंप शंभराला एक मोठा करायचा. जे डोक्यात असतं ना, ते हातात येईपर्यंत लहान होतं. सगळंच. म्हणून डोक्यात थोडं वाढवून धरायचं. तत्त्व आहे."

तत्त्व चोख होतं. फक्त ती वाढ कोण करायचं, याबद्दल मामाचा गैरसमज होता. प्रत्येक मापाला शंभरावर एक मोजत बसलं तर दुपारपर्यंत माणसाला भोवळ येईल. म्हणून फाउंड्रीतल्या कुणा शहाण्यानं फार पूर्वीच पट्टी लांब करून ठेवलेली. तिच्यावर साठ लिहिलेलं असतं, पण ती असते साठाच्या वर सहा मिलिमीटर. तिचा प्रत्येक सेंटिमीटर किंचित खाऊनपिऊन सुखी. कागदावर साठ असलं की पट्टीवरचं साठ बघायचं आणि कापायचं. अक्कल पट्टीनं वापरायची, करवत माणसानं चालवायची. पट्टीच्या कोपऱ्यात '१%' असा ठसाही होता. पण मामाचा अंगठा नेमका तिथंच पडायचा. चौतीस वर्षांत अंगठ्यानं ठसा पुसला, आणि ठशाबरोबर ती पट्टी वेगळी आहे ही आठवणही. मामाची खात्री झाली की पट्टी साधीच आहे, वाढ आहे ती आपल्या हातात.

तुम्ही म्हणाल, मग घरातली सगळी लाकडी कामं फसली असतील. अजिबात नाही. स्वतः मोजलेलं आणि स्वतः केलेलं चपखल बसायचं. भिंतीतलं कपाट असं बसलं होतं की कागद शिरेना. दोन्हीकडे एकच पट्टी असली की ती खोटं बोलतेय हे कळणार कुणाला?

भांडण व्हायचं ते बाहेरून आलेल्या वस्तूंशी. मामानं पलंग केला दोन मीटरचा. गादी आली दोन मीटरची. पायथ्याशी दोन बोटं फट. मामानं गादीवर पट्टी ठेवली : एकशे अठ्ठ्याण्णव. "चोर आहेत!" त्यानं गादीच्या कंपनीला तीन पत्रं लिहिली. तिसऱ्यात 'आपल्या घरी आयाबहिणी असतील' असंही वाक्य होतं, त्याचा गादीशी काय संबंध ते मामीला आजवर कळलेलं नाही. कापडाचा मीटर मामाच्या पट्टीवर नव्याण्णव भरायचा. फरशीचा तुकडा कमी. पडदे कमी. खिडकीच्या काचेसाठी त्यानं चौकट मोजून काचवाल्याला आकडा दिला. काच आली ती चौकटीत खुळखुळायला लागली. दुसरी आणली, तीही लहान. तिसरीही. काचवाला रडकुंडीला आला, "अहो, तुम्ही दिलेला आकडाच कापलाय!" मामा शांतपणे म्हणाला, "आकडा मी बरोबर दिला होता. तू काळजात कमी पडलास." शेवटी फटीत पुट्टी भरली.

अशा रीतीनं मामानं शोध लावला की जग शंभरातला एक खातं. सगळे खातात. गादीवाला, काचवाला, कापडवाला, आणि आपलं म्हणून सांगायची सोय नाही, पण पोटची पोरसुद्धा.

म्हणजे ताई. मामाची एकुलती एक मुलगी. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा होत्या, दर वाढदिवसाला एक. दहावीत ती थांबली. शाळेच्या दाखल्यावर उंची एकशे साठ. मामाच्या पट्टीवर एकशे अठ्ठावन्न आणि वर चार रेघा.

"शाळेनं फुगवून लिहिलंय," मामा म्हणाला.

"डॉक्टरनं पण एकशे साठच सांगितलं, बाबा."

"डॉक्टरनं चपलेसकट मोजलं असेल. तू एकशे अठ्ठावन्न आहेस. त्यात लाजायचं काय?"

पुढं नोकरीचा अर्ज असो की सोयरिकीची चिठ्ठी, मामा शाईनं साठ खोडून अठ्ठावन्न करायचा. माणसानं खरं तेच लिहावं!

*

मामा निवृत्त झाला त्या दिवशी फाउंड्रीच्या साहेबांनी दोन चांगले शब्द बोलून हात मिळवला आणि पट्टी जमा करून घ्यायला विसरले. दुसऱ्या दिवसापासून मामा घरी. त्यानं घर मोजायला घेतलं. मामी आपलं मत कधी माणसांना सांगत नाही, भांड्यांना सांगते. कढई घासता घासता म्हणाली, "चौतीस वर्षं फाउंड्रीनं सांभाळला बाई, आता माझ्या पदरात ओतला."

तर मामाच्या मनात एक सल होता, तो इथं सांगायलाच हवा. चौतीस वर्षांत त्यानं एकही वस्तू केली नव्हती. केले ते वस्तूंचे नमुने. ते वाळूत दाबले जायचे, बाहेर यायचे आणि माळ्यावर धूळ खात पडायचे. पंप कुणाच्या तरी विहिरीत, गिअरची पेटी कुणाच्या तरी यंत्राच्या पोटात. दिसायची ती फक्त रस्त्यातल्या गटारांची गोल झाकणं. मामाबरोबर फिरायला जायचं म्हणजे झाकणाला वळसा घालायला लागायचा. "पाय नको देऊ. माझं आहे ते." आणि मग जरा वाकून, नाक मुरडून, "मी केलं तेव्हा मोठं होतं."

त्याच सुमाराला ताईनं ठरवलं, दुकान काढायचं. कपडे घट्टसैल, आखूडलांब करून द्यायचं. आठ वर्षं तिनं दुसऱ्याच्या दुकानात हेच केलं होतं. तोंडात कायम चार टाचण्या, त्यामुळे बोलणं तोडून तोडून आणि ओठ न हलवता. "हात वर. श्वास सोडा. पोट आत घेऊ नका, नंतर बाहेर येणारच आहे." असं ती गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायची आणि गिऱ्हाईक पुन्हा तिच्याकडेच यायचं, कारण तिचं माप चुकत नसे. गल्लीत काचवाल्याच्या शेजारी एक गाळा रिकामा झाला. गाळामालक म्हणजे जिना चढताना स्वतःच्या पोटाच्या मागून चालणारा गृहस्थ. त्याची एकच अट.

"मी आपला साधा माणूस. बंद गाळा मला बघवत नाही. बंद गाळ्यापुढं लोक कचरा टाकतात, मग कुत्री येतात. पहिल्या तारखेला शटर वर आणि दुकान चालू. नाहीतर तो मोबाइलची कव्हरं विकणारा रोज मला नमस्कार घालतोय. मी आपला साधा माणूस, नमस्काराला किती दिवस नाही म्हणू?"

"पहिल्या तारखेला चालू," ताई म्हणाली.

"काउंटर मी करणार," मामा म्हणाला.

ताईनं टाचण्या तोंडातून काढल्या. म्हणजे गोष्ट गंभीर होती. "बाबा, तयार मिळतं."

"तयार? बाजारात? शंभरातला एक खाल्लेलं?" मामाचा आवाज चढला. "माझ्या हातानं एक तरी वस्तू होऊ दे की, जिच्यावर कुणी तरी हात ठेवून उभं राहील. वाळूत नाही जाणार ती. माळ्यावर नाही जाणार."

ताई गेली, गळ्यातली कापडी टेप काढून गाळ्याची रुंदी, भिंत ते भिंत, तीन वेळा मोजली आणि कागदावर लिहून आणली. दोनशे चाळीस. मामानं स्वतः जायला हवं होतं. पण चौतीस वर्षांची सवय : माप नेहमी कागदावर येतं, साहेब देतो, आपण करतो. त्यानं कागद भिंतीला टाचला आणि खिशातून पट्टी काढली.

आता पुढचं तुम्हाला कळलंच आहे. त्या घरात कुणाला कळलं नव्हतं एवढंच.

तीन आठवडे जिन्यापाशी रंधा चालला होता. मामीच्या आमटीत भुसा, कपड्यांत भुसा, बोलण्यात भुसा. पण काउंटर झालं ते खरंच बघत राहावं असं. कडा हातानं गोल केलेल्या, खण असे की बोटानं ढकलले तर श्वास सोडल्यासारखा आवाज करत आत जात. पॉलिशचे सात हात. कागदावरच्या मापातून मामानं बरोबर अर्धा सेंटिमीटर सोडला होता, "हवा खेळायला". शेजारीपाजारी येऊन हात फिरवून गेले. एकानं विचारलं, "किती वर्षं टिकेल?" मामा म्हणाला, "तुम्ही किती वर्षं येणार आहात?"

*

तीस तारखेला दुपारी काउंटर गाळ्यावर गेलं. एका टोकाला मामा, दुसऱ्या टोकाला काचवाला, त्याला मदतीला बोलावलेलं. मामी सरबत घेऊन. ताई आत उभी राहून "उजवीकडे, उजवीकडे" करत. डावं टोक आत गेलं. उजवं टोक भिंतीला टेकलं. मामा म्हणाला, "ढकल." काचवाल्यानं ढकललं. कर्र झालं आणि काउंटर थांबलं. पुढं जाईना. मग मागं ओढलं, तर मागंही येईना. तिरपं, बरोबर शटरच्या रेषेत, एका भिंतीत खांदा आणि दुसरीत कोपर रुतवून बसलं.

ताई आतच राहिली होती. तिला काउंटरखालून रांगत बाहेर यावं लागलं.

"उन्हानं फुगलंय," मामा म्हणाला. "थांबा. गार झालं की आकसेल."

म्हणून सगळे थांबले. हे मी रंगवून सांगत नाही. चार मोठी माणसं पायरीवर बसून लाकूड आकसायची वाट बघत होती. काचवाला दर दहा मिनिटांनी उठून बोट लावून यायचा. मामी सरबताच्या तांब्याला म्हणाली, "आकस हो बाबा. तू तरी ऐक त्यांचं." सहा वाजले. लाकडाला आकसायचं काही कारण नव्हतं. ते भट्टीतून आलं नव्हतं, जिन्यातून आलं होतं.

तेवढ्यात गाळामालक पोटामागून आला. "काय हो, अडकलं?"

आणि मामा पटकन बोलून गेला. "पोरीनं माप चुकवलं. फडक्याच्या टेपनं घेतलं ना. टेप ताणते."

ताईनं गळ्यातली टेप काढून मुठीत गुंडाळली. गाळामालकानं मान हलवली. "अरेरे. आणि म्हणे मापाचंच दुकान. मी आपला साधा माणूस, पण जिला स्वतःच्या दुकानाचं माप घेता येत नाही, तिच्याकडं मी माझी पँट देईन का? उद्या पहिली. नऊ वाजता येतो. त्या कव्हरवाल्यालाही बोलावून ठेवतो, उगाच त्याची खेप नको." हे तो चहाच्या टपरीवर जाऊन परत एकदा बोलला, मोठ्यानं. टपरीवरून ते गल्लीभर गेलं. दिवेलागणीपर्यंत लहान पोरंसुद्धा एकमेकांना म्हणायला लागली होती, "ए, ताईच्या मापानं मोजून दोन गोट्या दे, म्हणजे तीन येतील."

शिंप्याला काय काय माफ असतं! उशीर माफ, बटण तुटलेलं माफ. माप चुकलेलं माफ नसतं. दुकान उघडायच्या आदल्या दिवशी ताईचं दुकान बंद पडत होतं, आणि ते बंद पाडलं होतं तिच्या बापानं, एका वाक्यात.

घरी आल्यावर ताईनं दार लावलं. मग म्हणाली, "पट्टी काढा."

"कशाला?"

"काढा, बाबा."

मामानं पट्टी काढून पलंगावर ठेवली. ताईनं शेजारी टेप पसरली, शून्याला शून्य लावून. पट्टीवर साठ आलं तिथं टेपवर साठ आणि सहा रेघा.

मामानं वाकून दोन्ही शून्यं पुन्हा जुळवून बघितली. "टेप आकसलीय," तो म्हणाला. "धुतलीस का?"

"टेप कुणी धुतं का?"

"घामानं झाली असेल. गळ्यात घालतेस."

"मगाशी ताणते म्हणालात. आता आकसली?"

मामी उठून आत गेली. आतून खिडकी धाडकन आपटल्याचा आवाज आला. मामी बाहेर आली ती एक पोलादी पट्टी घेऊन. तसलीच, साठचीच, पण काळी पडलेली आणि एका टोकाला तेलकट.

"ही कुठून आणलीस?"

"कुठून म्हणजे? तुम्हीच आणली होतीत, नोकरी लागली तेव्हा. दोन होत्या. म्हणालात, ही वाळूतली, ही घरातली. घरातली म्हणून मी घरात ठेवली." मामी पदरानं तेल पुसत म्हणाली. "तीस वर्षं खिडकीला टेकू देतेय. चांगली पट्टी आहे. कधी वाकली नाही."

तिन्ही शेजारी ठेवल्या. टेप आणि खिडकीची पट्टी साठवर एकमेकींना भेटल्या. मामाची पट्टी सहा मिलिमीटर पुढं निघून गेली होती, वरातीच्या पुढं नाचणाऱ्यासारखी एकटीच. मामानं ती उचलून दिव्याखाली धरली, अंगठा बाजूला केला आणि कोपऱ्यावर बोट फिरवलं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. बोटाला मात्र एकाचा दांडा आणि टक्क्याची दोन शून्यं लागली असावीत, कारण तो खाली बसला. डावा पाय वाकवून बसला. इतक्या वर्षांत तो पाय वाकतो हे आम्हाला माहीत नव्हतं.

मग त्यानं खिडकीची पट्टी घेतली आणि गादी मोजली. दोनशे. खिडकीची काच मोजली. पडदा मोजला. मामी मागून दिवा धरून. शेवटी तिला राहवलं नाही. "गादीवाल्याला लिहिलेली पत्रं आठवतायत का? तिसरं मला तोंडपाठ आहे."

ताई म्हणाली, "आई, पुरे." आणि मामाला, "दोन सेंटिमीटर कापायचंय. सकाळी मी कापेन. तुम्ही या, नाहीतर नका येऊ."

मामानं ऐकलं की नाही कळलं नाही. तो हातातल्या पट्टीकडं बघत म्हणत होता, "मला वाटायचं हातात आहे."

*

पहिल्या तारखेला सकाळी ताई एकटीच गाळ्यावर होती. खडूनं तिनं काउंटरच्या उजव्या टोकाला एक रेघ मारली होती, पँटच्या पायावर मारतात तशी. हातातली करवत काचवाल्याची होती, आणि तिला ती धरता येत नव्हती हे लांबूनही दिसत होतं. नऊ वाजता गाळामालक आला. मागं कव्हरवाला, डोक्यावर खोकं आणि तोंडावर हसू. बघायला अर्धी गल्ली.

"पहिली तारीख," गाळामालक म्हणाला. "शटर वर पाहिजे म्हणालो होतो."

"वरच आहे की, काका. खालीच येत नाहीये."

गल्ली हसली. गाळामालकानं वर बघितलं, शटर खरंच वर होतं. "पण दुकान चालू कुठंय? आणि चालू करून तरी काय, माप चुकणाऱ्या..."

"माप बरोबर होतं."

मागून आवाज आला आणि सगळे वळले. मामा कधी आला कुणाला कळलंच नव्हतं. त्याच्या पावलांचा आवाज ओळखीचा नव्हता; दोन्ही पाय बाजारात जाणाऱ्या माणसासारखे पडत होते. खिसा रिकामा, विजारीला नुसताच लोंबत असलेला. हातात स्वतःची करवत.

"काय म्हणालात?" गाळामालक.

"माप बरोबर होतं. पोरीचं. दोनशे चाळीस. मी काल चुकीचं बोललो." मामा थांबला. एवढ्यावर भागलं असतं. पण मामाला कोणतीही गोष्ट बेतात ठेवता आली असती तर आणखी काय पाहिजे होतं! "या गल्लीत एवढं अचूक माप कुणी घेतलेलं नाही. या शहरात नाही. केसाचा फरक नाही, केसाच्या सावलीचा नाही. तीन वेळा मोजलं, तिन्ही वेळा एकच. माझ्या साहेबाला जमायचं नाही. चुकलो मी. चुकलो म्हणजे आज नाही, चौतीस वर्षं चुकलो. माझी पट्टी लोखंडाची होती आणि मी ती माणसांना लावत बसलो."

काचवाला हळूच पुढं झाला. "म्हणजे माझ्या काचा..."

"बरोबर होत्या."

"तिन्ही?"

"तिन्ही."

"जरा मोठ्यानं सांगता? माझा भाऊ मागं उभा आहे."

मामानं मोठ्यानं सांगितलं. काचवाल्यानं तिथंच नाक शिंकरलं.

मग मामा काउंटरपाशी गेला. खडूची रेघ बघितली. सवयीनं डावा हात मांडीकडं गेला, रिकाम्या खिशावरून फिरला आणि परत आला. त्यानं ताईला विचारलं, "इथून?"

"रेघेवरून. रेघ राहिली पाहिजे, पलीकडून कापा."

"थोडी..." मामा म्हणाला आणि थांबला.

"थोडी काही नाही, बाबा. रेघेवरून."

मामानं कापलं. सात हात पॉलिशवरून करवत जाताना त्याचा चेहरा बघवत नव्हता, पण करवत रेघेवरून हलली नाही. दोन बोटं रुंदीची पट्टी खाली पडली. काचवाल्यानं खांदा लावला, काउंटर एकदा कुरकुरलं आणि जागेवर जाऊन बसलं. डाव्या भिंतीशी हवा खेळायला दोनच मिलिमीटर, पण होती.

ताई काउंटरच्या मागं गेली. टेप गळ्यात, टाचण्या तोंडात. "बोला. कुणाचं काय?"

कुणीच पुढं येईना. मग मामानं गाळामालकाकडं बघितलं, सगळ्यांनीच बघितलं, आणि साध्या माणसाला आपली पँट देण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. म्हणजे अंगावरच्या पँटचं माप देण्यावाचून. ती खाली पायात येत होती आणि वर बसत नव्हती, हे गल्लीला कधीपासून माहीत होतं.

"हात वर. श्वास सोडा. पोट आत घेऊ नका." ताईनं टेप फिरवली आणि आकडा म्हणाली, खणखणीत आवाजात, जसा ती नेहमी म्हणते.

गाळामालक पांढरा पडला. "एवढी? छे छे. टेप ताणलीय."

"टेप बरोबर आहे," मामा म्हणाला. "मी स्वतः तपासलीय."

कव्हरवाल्यानं खोकं परत डोक्यावर चढवलं.

*

त्याला आता तीन महिने झाले. मामा रोज सकाळी दुकानात येऊन स्टुलावर बसतो, दोन्ही पाय वाकवून, आणि गिऱ्हाइकांना काउंटरवर हात ठेवताना बघतो. कुणी पिशवी ठेवली तर चालते, कोपर टेकलं तर फार आवडतं. काउंटरची कापलेली लाकडी पट्टी शिलाई मशीनच्या एका पायाखाली आहे. तिथली फरशी खोल आहे. "बघ, वाढ वाया जात नाही," असं मामा प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगतो. ताई शिलाईत दोन बोटं कापड आत सोडते, पुढंमागं लागलं तर उसवता यावं म्हणून. तेही तो आपलंच तत्त्व समजतो, आणि ताई समजू देते.

गादीवाल्याला चौथं पत्र गेलं. माफीचं. इतकं लांबलचक आणि इतकं कळकळीचं, की कंपनीनं घाबरून एक माणूस पाठवला.

एक काम मात्र राहून गेलं होतं. गेल्या रविवारी मामानं खिडकीची पट्टी घेतली (खिडकीला हल्ली लाकडी टेकू असतो, माप घेऊन केलेला) आणि ताईला स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावलं.

"सरळ उभी राहा. टाचा टेकव."

"बाबा, मी सत्तावीस वर्षांची आहे."

"टेकव म्हटलं ना."

ती उभी राहिली. मामानं तिच्या डोक्यावर वही आडवी धरली, पेन्सिल लावली. पेन्सिल बरोबर दहावीच्या जुन्या रेघेवरच पडली. मग खालून मोजत आला. साठ. साठ. आणि चाळीस.

मग रेघेशेजारचं 'एकशे अठ्ठावन्न' त्यानं अंगठ्यानं पुसलं. अंगठ्याला पुसायची सवय होतीच. नवा आकडा लिहिला, ठसठशीत. रेघ होती तिथंच राहिली.

वळताना ताईच्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, "बघ. दुकान काढल्यापासून दीड सेंटिमीटर वाढलीस."

मामी आतून कढईला म्हणाली, "ऐकलंस का गं? सत्ताविसाव्या वर्षी!"